जास्वंदीवरचं सगळं पांढरं मिलीबग नसतं: कर्वेनगरच्या एका सोसायटीचं प्रकरण

कर्वेनगरमधली सोसायटी, चार विंग, मधे छोटीशी बाग आणि कंपाउंडला लागून दोन बाजूंना जास्वंदीचं कुंपण. एक पट्टा पार्किंगकडे, दुसरा मुलांच्या खेळायच्या जागेकडे. साधी तांबडी एकेरी जास्वंद, बरीच जुनी, माणसाच्या उंचीच्या वर गेलेली. शिवाय लिंबू, कढीपत्ता, पपई, पेरू, तगर, एक सोनचाफा. मी इथेच राहते आणि बागेचं बघणाऱ्या चार-पाच जणांत आहे म्हणून हे सगळं जवळून बघितलंय. सविस्तर लिहितेय कारण उन्हाळ्यात पुण्यातल्या किती सोसायट्यांत जास्वंदीवर मिलीबग ही रस पिणारी पांढरी कीड पडते, आणि सगळीकडे शेवट एकच होतो, कंटाळून झाडंच काढून टाकतात.

आमच्याकडे प्रश्न नेमका हाच आला होता. मे महिन्याच्या मीटिंगमधे विषय होता की दोन्ही बाजूंची जास्वंद उपटून टाकायची आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे का.

सुरुवात फेब्रुवारीच्या शेवटी झाली. थंडी सरली, ऊन तापायला लागलं आणि पार्किंगकडच्या जास्वंदीचे शेंडे आखडायला लागले. कोवळी पानं मुडपलेली, कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या, आणि पेरांमधे पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं. शेतकरी ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात आणि आपण शहरातले मिलीबग म्हणतो तोच. पण लोकांची पहिली तक्रार झाडाबद्दल नव्हतीच, गाडीबद्दल होती. बॉनेटवर चिकट थेंब पडतात, त्यावर धूळ बसते, मग धुतलं तरी डाग राहतो. ग्रुपवर रोज फोटो यायला लागले. बऱ्याच जणांना वाटत होतं की झाडच गळतंय.

झाड गळत नसतं. मिलीबग सोंड खुपसून झाडाचा रस पितो, त्या रसात साखर भरपूर असते पण त्याला हवी असलेली बाकीची पोषणद्रव्यं कमी, त्यामुळे तो खूप रस ओढतो आणि जादा साखरपाणी मागून बाहेर टाकतो. तो हा चिकटा. पानांवर चिकटा साचला की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि पानाला ऊन मिळेनासं होतं. आणि चिकटा आला की मुंगळे आले. हे मुंगळ्यांचं प्रकरण पुढे महत्त्वाचं आहे, कारण माझ्या मते आमच्याकडे सगळी किल्ली तिथेच होती.

मार्चमधे कमिटीने पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. त्यांनी पंपाने दोन्ही पट्टे भिजवले, औषध सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं, म्हणजे समोर येईल तो किडा मारणारं. चार दिवसांत झाड स्वच्छ दिसायला लागलं, सगळे खूश. एप्रिल सुरू होईपर्यंत पांढरं परत आलं आणि आधीपेक्षा जास्त. मग परत फवारणी, परत तेच, आणि शेवटी दर पंधरा दिवसांचं कॉन्ट्रॅक्टच झालं. असं का होतं ते मिलीबगचा संसार कसा चालतो ते बघितलं की कळतं. मादी कापसासारख्या पिशवीत काही शे अंडी घालते, त्या मेणाच्या आवरणातून औषध आत शिरत नाही. वरची मोठी मरतात, पिशवीतली राहतात. त्यातून बारीक पिवळसर पिल्लं निघतात, त्यांच्या अंगावर मेण नसतं आणि ती चालतात, वाऱ्याने उडतात, आपल्या कपड्यांवरून, माळ्याच्या कात्रीवरून, मुंगळ्यांबरोबर पसरतात. उन्हाळ्यात अंड्यापासून परत अंड्यापर्यंतचा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. पण त्याला खाणारे जे किडे असतात ना, ते उघड्यावर फिरतात, अंगावर मेणाचं चिलखत नाही, ते पहिल्याच फवाऱ्यात जातात, आणि त्यांची संख्या परत वाढायला मिलीबगपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे फवारणीनंतर मिलीबगला रान मोकळं. पायरेथ्रॉइड मारल्यावर मिलीबग उलट वाढतो हे द्राक्षाच्या आणि कापसाच्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे, आपल्याला शहरात कुणी सांगत नाही.

इथे एक गोष्ट थोडी बाजूला जाऊन सांगते कारण ती राहून जायला नको. एप्रिलमधे "आपणच मारू की घरच्या घरी" असं म्हणून कुणीतरी स्टोअर रूममधून जुनी अर्धी बाटली काढली. लेबल वाचलं तर डायक्लोरव्हॉस. केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2020 पासून हे औषध देशात बंद झालंय. खेळायच्या जागेशेजारी ते मारलं जाणार होतं. तुमच्या सोसायटीच्या स्टोअरमधे जुन्या बाटल्या असतील तर आजच जाऊन लेबल बघा. त्यावरचा चौकोन बघायचा, खालच्या त्रिकोणात लाल रंग म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही. आणि आमच्या कुंपणाला खेटून कढीपत्ता आहे, त्यातला सकाळी फोडणीला जातो, हे फवारणीवाल्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मे उजाडला तेव्हा दोन्ही पट्ट्यांची वाट लागलेली. माळीदादांनी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन हाताने साफ करायला सुरुवात केली, मेहनती माणूस, भर उन्हात फांदी न फांदी घासत होते. खेळायच्या बाजूला घासताना ते म्हणाले, "ताई, हे बघा, यांची पिल्लं केवढी मोठी झालीत, ही तर पळतात पण." तिथे डी विंगमधली एक मुलगी उभी होती, एमएस्सी झूलॉजी करते, मोबाईलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स तिच्याकडे असते. तिने बघितलं आणि म्हणाली, "दादा थांबा, हे मारू नका, हे मिलीबग नाहीयेत."

ते होते क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या. लेडीबर्डच्या जातकुळीतला हा भुंगा, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 मधे कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी आणला गेला. खवल्यावर त्याचा फारसा उपयोग झाला नाही पण मिलीबग खाण्यात तो पटाईत निघाला, आणि आज नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागांत मुद्दाम सोडतात. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या घेऊन फिरते, हुबेहूब मोठ्ठा मिलीबगच वाटतो. मिलीबगच्या घोळक्यात राहून ती त्यांनाच खाते, आणि या सोंगामुळे मुंगळ्यांनाही ती पटकन ओळखू येत नाही. माणसांनाही येत नाही, आणि मला वाटतं पुण्यातल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत दर उन्हाळ्यात मिलीबग समजून यांनाच चिरडलं जातं. कारण मोठं दिसतं, पळतं, त्यामुळे आधी हाताला तेच लागतं.

फरक कसा ओळखायचा ते नीट सांगते. मिलीबग लंबगोल, तीन-चार मिलिमीटरचा, कडेला आखूड मेणाचे दोरे, बहुतेक वेळ एका जागी चिकटून, आणि टोचलं तरी जेमतेम हलतो. क्रिप्टोलेमसची अळी वाढली की सेंटीमीटरभर किंवा त्याहून थोडी जास्त, मेणाच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या, काडीने डिवचलं तर तुरुतुरु चालायला लागते, उलटी केली तर खाली करडं अंग आणि पायांच्या तीन जोड्या स्पष्ट दिसतात. मोठा झालेला भुंगा मात्र अजिबात पांढरा नसतो, चकचकीत काळपट पंख, डोकं आणि मागचं टोक नारिंगी, आकाराने मसुरीच्या डाळीएवढा.

मग त्या मुलीने आणि सोसायटीतल्या तीन-चार पोरांनी मिळून दोन्ही बाजूंच्या फांद्या तपासल्या. खेळायच्या बाजूला अजून बरंच सापडलं. काही मिलीबग फुगून तपकिरी, कडक झालेले, पाठीवर गोल भोक. त्यांच्या आत चिमुकल्या गांधीलमाशीसारख्या परजीवी कीटकाची अळी वाढली आणि खाऊन बाहेर पडली, त्याची ती खूण. पानाखाली बारीक दोऱ्याच्या टोकाला लटकलेली हिरवट अंडी दिसली, ती क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची, त्याची अळी मावा, मिलीबगची पिल्लं असं सगळं मऊ मऊ खाते. आणि सगळ्यात भारी म्हणजे एपफ्लाय. हे छोटंसं करड्या रंगाचं फुलपाखरू, पण त्याची अळी पानं खातच नाही, मिलीबग खाते. फुलपाखराची अळी मांसाहारी असते हे ऐकूनच अर्ध्या लोकांना खरं वाटेना. चपटी अळी, मिलीबगचं मेण अंगावर माखून त्यांच्याच खाली दडून असते. तिचा कोष बघितला तर वरून चक्क माकडाचं तोंड दिसतं, डोळे, नाक सगळं, म्हणून तर नाव एपफ्लाय. पोरांनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि गाड्यांच्या फोटोंच्या रांगेत पहिल्यांदाच कुणीतरी "हे काय आहे?" असं विचारलं.

पार्किंगच्या बाजूला यातलं जवळजवळ काही नव्हतं. मिलीबग होते, मुंगळे होते, बास.

मीटिंग तापली. सेक्रेटरी काकांची बाजूही समजून घ्यायला हवी, ते म्हणाले, "अहो, मला रोज दहा मेसेज येतात, मी लोकांना काय सांगू, किडे येऊन किडे खाणारेत म्हणून?" बी विंगच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "दारात तांबडी जास्वंद असताना गणपतीला मंडईतनं विकत आणायची का मी? लावली तेव्हा तुम्ही कुणी राहायला पण आला नव्हता इथे." त्यानंतर उपटायचा विषय पुढे ढकलला गेला. ठरलं असं की खेळायच्या बाजूला गणपतीपर्यंत एकही केमिकल फवारणी नाही. पार्किंगच्या बाजूला कॉन्ट्रॅक्टचे पैसे दिलेलेच आहेत तर ते चालू राहील, पण कढीपत्त्याच्या आसपास कुणी पंप फिरवायचा नाही. हे तडजोड म्हणून झालं, पण त्यामुळे एकाच सोसायटीत, एकाच जातीच्या झाडावर दोन पद्धती शेजारी शेजारी बघायला मिळाल्या.

खेळायच्या बाजूला काय केलं. सगळ्यात आधी मुंगळे. मुंगळ्यांना चिकटा हवा असतो, म्हणून ते मिलीबगची राखण करतात, ढालकिडा किंवा परजीवी माशी आली की हुसकावून लावतात, आणि पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. मुंगळे झाडावर असेपर्यंत बाहेरून कितीही मित्रकीटक आणून सोडले तरी त्यांना धड खाता येत नाही. जास्वंदीचं कुंपण म्हणजे बुंध्यापासून दहा फांद्या, त्यामुळे आधी जमिनीलगतचे फुटवे काढले, भिंतीला आणि तारेला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, नाहीतर मुंगळे तिथून पूल करून जातात. मग प्रत्येक जाड फांदीवर कागदी टेप गुंडाळून त्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर. सालीवर थेट काही फासायचं नाही, साल खराब होते. धूळ बसली की थर बदलायचा, हे काम पोरांनी घेतलं आणि खरंच नेमाने केलं. मुंगळ्यांची वारुळं शोधून उकळतं पाणी वगैरे ओतलं नाही, गरजच पडली नाही, वर जायचा रस्ता बंद झाला तेवढं पुरलं.

दुसरं, जिथे मित्रकीटक अजिबात नाहीत आणि पांढरं गच्च आहे ते शेंडे कापले. आधी छाटलेल्या फांद्या कुंपणाशेजारच्या कंपोस्टच्या खड्ड्यात जायच्या, तिथून पिल्लं चालत परत झाडावर. आता काळ्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवल्या, दोन-तीन दिवस मेच्या उन्हात ठेवलं की आतलं सगळं मरतं. ज्या फांद्यांवर क्रिप्टोलेमस किंवा तपकिरी मेलेले मिलीबग होते त्यांना पोरांनी लाल लोकर बांधली, ती फांदी कापायची नाही, घासायची नाही. बाकी ठिकाणी सकाळी पाईपने जोरात पाण्याचा फवारा, पानाच्या खालून. पिल्लं धुऊन जातात, चिकटा आणि काळी बुरशीही निघते. अगदीच अडलं तिथे लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळायला थोडा लिक्विड साबण, संध्याकाळी, फक्त तेवढ्या फांदीवर. कडुनिंब घरगुती म्हणून वाटेल तसं मारू नका, साबण-तेलाच्या पाण्याने क्रिप्टोलेमसच्या अळ्याही मरतात.

तिसरं, युरिया बंद. फुलं कमी झाली म्हणून माळीदादा दर महिन्याला मूठ मूठ युरिया टाकत होते. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत कोवळी फूट काढतं आणि रस पिणाऱ्या किड्यांना तेच हवं असतं. त्याऐवजी शेणखत आणि बुडाशी वाळलेल्या पानांचं आच्छादन.

क्रिप्टोलेमस विकत आणायचे का यावर बरीच चर्चा झाली. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाचं काम चालतं, चौकशी करता येते. पण आमच्याकडे ते आधीच आलेले होते, कुणी न आणता, तर आधी त्यांना जगू देऊ असं ठरलं. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. या किड्याला अंडी घालायला मिलीबगच्या कापसाच्या पिशव्या लागतात, म्हणजे झाड शंभर टक्के स्वच्छ केलं की तो उपाशी मरतो किंवा उडून जातो. थोडे मिलीबग झाडावर राहणारच आणि राहायला हवेत, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिले दोन-तीन आठवडे काही खास फरक दिसला नाही आणि ग्रुपवर बोलणी खावी लागली. मेच्या शेवटी खेळायच्या बाजूला अळ्या इतक्या वाढल्या की लांबून झाड जास्तच पांढरं दिसायला लागलं. हा टप्पा नाजूक असतो, कारण लोक नेमके इथेच घाबरून फवारा मारतात. सेक्रेटरी काकांना झाडाजवळ नेऊन लेन्समधून दाखवलं, एक अळी मिलीबग पकडून खात होती, ते पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "बरं, पाऊस पडेपर्यंत बघू." जूनच्या मध्यापर्यंत शेंडे सरळ व्हायला लागले. काळे-नारिंगी भुंगे पानांवर फिरताना दिसू लागले. पाऊस सुरू झाल्यावर शेती औषधांच्या दुकानातून व्हर्टिसिलियम आणून दोनदा मारलं, ही मिलीबगला मारणारी बुरशी, हवेत ओल असली तरच काम करते, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मारून फायदा नसतो. गणपतीत त्या बाजूला आजींना रोज परडीभर फुलं मिळत होती.

पार्किंगच्या बाजूलाही पावसाने मिलीबग कमी झाले, हे सांगायलाच हवं. जोराच्या पावसात मिलीबग धुऊन जातात, त्यामुळे जूननंतरची सगळी सुधारणा मित्रकीटकांच्या नावावर टाकणं बरोबर नाही. शिवाय ती बाजू मुळातच वाईट जागी आहे, पश्चिमेचं ऊन, खाली फरशी, गाड्यांची धूळ, आणि पानांवर धूळ बसली की परजीवी माश्यांना शोधणं-खाणं अवघड जातं. म्हणून दोन पट्ट्यांची तुलना अगदी काटेकोर म्हणता येणार नाही. पण पावसाच्या आधी, मेच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, खेळायच्या बाजूला उतार लागला होता आणि पार्किंगकडे फवारणी चालू असून चढ होता, हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. आणि ऑक्टोबरमधे ऊन तापल्यावर पार्किंगकडे परत पांढरं दिसलं, खेळायच्या बाजूला तुरळक, आणि त्यातही तपकिरी भोकं पडलेले बरेच.

एकाच परजीवी माशीने केवढा फरक पडतो याचं मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. पपईवरचा मिलीबग, मूळ मेक्सिकोकडचा, भारतात 2008 मधे कोइम्बतूरला सापडला आणि दोन वर्षांत पपई, तुती, जास्वंद सगळ्यावर पसरला, महाराष्ट्रातही आला. 2010 मधे बेंगळुरूच्या कृषी-कीटक संशोधन संस्थेने प्युर्टो रिकोहून तीन जातींचे परजीवी कीटक मागवले, त्यातल्या एसेरोफॅगस पपाये या जातीने काही महिन्यांत ही कीड आटोक्यात आणली. डोळ्यांना धड न दिसणारा कीटक. आमच्या पपईवर तीच माशी आहे का हे तपासलेलं नाही, पण पपई यंदा बऱ्यापैकी स्वच्छ राहिली.

फवारणी थांबल्यावर खेळायच्या बाजूला बाकीही वर्दळ वाढली. शिंपी पक्ष्याने लिंबाच्या पानात घरटं शिवलं, सरडे परत आले, शिंजीर रोज सकाळी जास्वंदीवर. लिंबावर आणि कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या आल्या, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. त्यावर परत तक्रारी, पानं खातात म्हणून. मोठ्या झाडाला आठ-दहा अळ्यांनी काही होत नाही आणि त्यातल्या बऱ्याच शिंपी आणि गांधीलमाश्या उचलून नेतात, कुंडीतलं छोटं रोप असेल तर अळ्या मोठ्या झाडावर हलवाव्यात.

डिसेंबरच्या मीटिंगमधे पंधरवड्याचं कॉन्ट्रॅक्ट नूतनीकरण न करण्याचं ठरलं, गटार आणि झुरळांपुरतं वेगळं चालू आहे. पार्किंगकडच्या जास्वंदीची जानेवारीत छाटणी होईल, टेप बसेल, आणि खेळायच्या बाजूच्या लोकर बांधलेल्या काही फांद्या तिथे नेऊन अडकवायच्या आहेत, म्हणजे क्रिप्टोलेमस तिकडे चालत जातील. नर्सरीतून आणलेलं प्रत्येक नवं रोप आधी तीन आठवडे गच्चीत वेगळं ठेवायचं, पेरं आणि मुळाजवळची माती बघूनच खाली आणायचं, हा नियम नोटीस बोर्डावर लागलाय. गाड्यांवर मात्र फेब्रुवारी-मार्चमधे थोडा चिकटा पडेलच, त्या काळात कुंपणाजवळच्या चार जागा रिकाम्या ठेवून त्या गाड्या व्हिजिटर पार्किंगला लावायच्या यावर दोन घरं अजून तयार नाहीत, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.